शब्दचर्चा : मिरवणे, चव्हाटा आणि कानाडोळा

प्रश्न : माझ्या एका मैत्रिणीचा नुकताच साखरपुडा झाला आणि तेव्हापासून दोघांची छायाचित्रे, एकमेकांना उद्देशून लिहिलेला लाडिक मजकूर आणि ‘पहिल्या भेटीला आज शंभर दिवस झाले’ अशा नोंदी फेसबुकवर रोज येत असतात. आमच्यातली एक जण म्हणाली, “हिने प्रेम चव्हाट्यावर मांडले आहे.” मला तो शब्द खटकला. याला नेमके काय म्हणावे? आणि तिला न दुखावता हे सारे नजरेआड करण्याला कोणता शब्द योग्य ठरेल?

प्रतिसाद १ : आपल्याला खटकले ते योग्यच आहे. चव्हाटा म्हणजे चार वाटा मिळतात ती जागा. परंतु तेथे येते ते बहुधा भांडण किंवा घरातले गुपित, आणि तेही झाकून ठेवायला हवे होते असा बोलणाऱ्याचा ठपका त्यात असतो. आपल्या मैत्रिणीने स्वखुशीने मांडलेल्या आनंदाला ‘मिरवणे’ हे क्रियापद अधिक शोभते. दागिना मिरवतात, पद मिरवतात, तसेच प्रेमही मिरवता येते; त्यात किंचित थट्टा आहे, पण दोषारोप नाही. (‘अतिप्रकटन’ असा शब्द कोणी सुचवील, मला तो शासकीय परिपत्रकातला वाटतो.)

प्रतिसाद २ : उखाण्याचाही येथे विचार व्हावा. ज्या काळी बायका नवऱ्याचे नाव उच्चारत नसत, त्या काळीही चारचौघांत ते घेण्याची सोय उखाण्याने करून दिली होती. मात्र ‘नाव घ्या, नाव घ्या’ असा आग्रह झाल्याशिवाय उखाणा घेतला जात नसे. आता कोणी आग्रह न करताच रोज नाव घेतले जाते, आणि ऐकणारे अवघडतात ते बहुधा यामुळेच.

नजरेआड करण्यासाठी ‘कानाडोळा’ हा शब्द सुचवतो. त्याचा कानाशी संबंध नाही. ‘काणा’ म्हणजे एका डोळ्याने आंधळा, म्हणून ‘काणाडोळा’ असेही लिहितात. एक डोळा मिटलेला, दुसरा उघडा. दिसते, पण दिसले असे दाखवायचे नाही. ‘डोळेझाक’ मात्र येथे चालणार नाही, कारण जे पाहणे कर्तव्य होते ते टाळणाऱ्याला, उदाहरणार्थ अनधिकृत बांधकामाकडे न पाहणाऱ्या अधिकाऱ्याला, तो शब्द लावतात. ‘अबोला’ही नको; तो समोरच्याला कळावा म्हणूनच धरलेला असतो.

फेसबुकने २०१७ साली आणलेली, एखाद्याच्या नोंदी ३० दिवस न दिसण्याची स्नूझची सोय किंवा इन्स्टाग्रामवर २०१८ पासून असलेले म्यूट हा शुद्ध कानाडोळा होय, कारण त्याची सूचना समोरच्या व्यक्तीला जात नाही. ब्लॉक करणे मात्र दार लावून घेण्यासारखे आहे. मैत्रिणीने नाव शोधले आणि सापडले नाही, की तिला ते उमगतेच.

प्रश्नकर्ती : दोघांचेही आभार. ‘मिरवणे’ पटले, आणि ३० दिवसांचा कानाडोळा आजच केला आहे. तिचे लग्न पुढच्या महिन्यात असल्याने मुदत नेमकी त्याच आठवड्यात संपते. त्या दिवशी नाव घेण्याचा आग्रह मीच धरणार आहे.