रामटेककडचा काल्पनिक गोल्फ कोर्स बनवून राहिलो, पण सगळे होल सारखेच वाटून राहिले

तर्रीपोहे_गेमर

नमस्कार मंडळी. पीजीए टूर २के मधे ते कोर्स डिझायनर असते ना, त्याच्यात मी एक कोर्स बनवून राहिलो. जागा म्हणजे रामटेक-खिंडसीच्या आसपास कुठंतरी, कोर्स पूर्ण काल्पनिक, तिथं असता तर कसा असता असं डोक्यात धरून. १८ होल, पार ७२ (म्हणजे सगळे होल मिळून इतक्या फटक्यांत व्हायला पाहिजे), मागच्या टीवरून (होलचा पहिला फटका मारायची जागा) ७१०० यार्डाच्या आसपास. एक मोठं पाणी, मागं टेकडी, टेकडीवर गडमंदिर तर मिळत नाही म्हणून गेममधलं जे दगडी काही सापडलं ते ठेवलं. दिसायला एक नंबर झाला.

पण खेळायला घेतला की तिसऱ्या होलपासून जांभया. ड्रायव्हरनं लांब मारा, वेजनं जवळ टाका, ग्रीनवर (भोकाभोवतीचं बारीक गवत) दोन पट, पुढं चला. माझा मित्र म्हणते, "अबे दिसते छान, पण झोप येऊन राहिली." मग मी फेअरवे (टीपासून ग्रीनपर्यंतचा कापलेला पट्टा) अरुंद केला, दोन्ही बाजूनं बंकर (वाळूचे खड्डे) टाकले, पाणी वाढवलं, तरी तेच. फक्त आता झोप यायच्या ऐवजी चिडचिड होते.

दुसरं म्हणजे हे आपल्याकडचं वाटतच नाई, कुठलंतरी फ्लोरिडा वाटते. डेझर्ट थीम घेतली तर निवडुंग येते. म्हणून एका होलवर संत्र्याची बाग, एकावर झीरो माईलसारखा खांब आणि शेवटच्या ग्रीनमागं वाघ, असं टाकायचा विचार आहे. सांगा काही.

बोगीबहाद्दर

वाघ नको भाऊ, हात जोडतो.

तुझी गडबड त्या दोन्हीकडच्या बंकरांत आहे. दोन्हीकडं बंकर म्हणजे खेळणाऱ्याला विचार करायला काही ठेवलंच नाई, मधे मार नाहीतर मर. एकदा उलटं करून पाह्य. फेअरवे चांगला पन्नास यार्ड रुंद कर, डाव्या हाताला २८० यार्डावर एकच बंकर ठेव, आणि ग्रीन असं तिरकं फिरव की डावीकडून आलं तरच समोरून मोकळं दिसेल, उजवीकडून आलं की मधे बंकर आडवा. आता टीवर उभा असलेला माणूस विचार करेल, बंकरला चिकटून जाऊ का लांबून सेफ जाऊ. लांबून गेला तर मरत नाई पण दुसरा शॉट अवघड होते. होलला हा प्रश्न असला पाहिजे, नसला तर कितीही झाडं लावा.

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा जुना कोर्स याच्यावरच चालते, भल्ले रुंद फेअरवे आणि तरी लोक डोकं खाजवतात. अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी म्हणून डिझायनर होता, मूळचा डॉक्टर, बोअर युद्धात छद्मावरण (आजूबाजूच्या जमिनीत मिसळून लपायची युक्ती) पाहून आला आणि मग गोल्फ कोर्सकडं वळला. गोल्फर बॉबी जोन्ससोबत त्यानं अमेरिकेतला ऑगस्टा नॅशनल कोर्स केला तेव्हा, १९३३ ला उघडला तो, १८ होल मिळून बंकर फक्त २२ होते. तुझ्या एका होलवर किती आहेत मोज जरा.

सावजी_एक्स्ट्रा_तिखट

१९वा होल म्हणून सावजी भोजनालय टाक, पार ३, तिसऱ्या रश्श्यानंतर कोणी उभा राहत नाई 😂

धानपट्टीची_ताई

गोल्फमधलं मला ओ की ठो कळत नाही, मुलगा खेळतो हा गेम म्हणून हा धागा वाचला, पण पाण्याबद्दल बोलते कारण तलावांच्या कामात बरीच वर्षं गेलीत. तुम्ही मुलं पाणी म्हटलं की सपाट जमिनीत एक गोल ताट ठेवून देता, म्हणून ते फ्लोरिडा वाटते. आपल्याकडचा तलाव तसा नसते. रामटेकपासून पुढं भंडारा-गोंदियाकडं जा, जुने मालगुजारी तलाव (जुन्या जमीनदारांनी, मालगुजारांनी बांधलेले) पहा, तीन बाजूंनी उंचवटा, तिकडून पावसाचं पाणी उतरते, आणि चौथ्या बाजूला मातीची लांब पाळ, पाळीवर झाडं, एका टोकाला सांडवा (जादा पाणी बाहेर पडायची वाट), आणि पाळीच्या खालच्या अंगाला धानाच्या बांध्या, पायरीपायरीनं उतरत गेलेल्या. म्हणजे पाळीवर उभं राहिलं की एका हाताला पाणी जवळजवळ पायाशी आणि दुसऱ्या हाताला जमीन चांगली खाली. ही उंचीतली तफावत तुमच्या गेममधे करता येत असेल तर करा, मग खांब-बिंब काही लागणार नाही.

आणि पाणी बारा महिने काठोकाठ नसते हो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की पाणी मधे गोळा होते, कडेनं भेगाळलेली माती आणि गवत. तोही भाग खेळात घेता येईल का ते तुम्ही पहा.

टेकड्यांचं पण सांगते. नागपूर हे दख्खनच्या लाव्ह्याच्या पूर्वेकडच्या कडेवर आहे, पश्चिमेकडं बेसाल्ट आणि काळी माती, पूर्वेकडं गेलं की खडक वेगळा आणि कितीतरी जुना, ग्नाइस वगैरे. त्यामुळं रामटेककडं सह्याद्रीसारखे सपाट माथ्याचे पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर टाकू नका, तिथं जमीन संथ आहे आणि त्यातून एखादी टेकडी एकदम उठते. झाडं साग, मोह, पळस. उन्हाळा दाखवायचा असेल तर साग निष्पर्ण हवा, हिरवागार नको. आणि संत्री काटोल-वरूडकडं, रामटेकला धान. तुमची बाग चुकीच्या तालुक्यात आहे.

पुण्यातला_नागपूरकर

ताईंचा प्रतिसाद पिन करा कोणीतरी.

बोगीबहाद्दरशी अर्धा सहमत. रुंद फेअरवे आणि तिरकं ग्रीन हे खऱ्या मातीवर बरोबर, पण गेममधे लोकांचा स्विंग इतका पक्का असतो की तू कुठूनही आत ये, वेजनं बॅकस्पिन (उलटी फिरकी) मारून चेंडू पिनजवळ (भोकातल्या झेंड्याजवळ) थांबवतात, मग कोन-बिन कोण विचारतो. म्हणून ग्रीन आणि फेअरवेचा कडकपणा वाढव. उन्हाळ्यातला कोर्स आहे ना, मग जमीन टणकच असणार. चेंडू पडून पंधरा-वीस यार्ड पळाला पाहिजे, तेव्हा कुठून मारला याला किंमत येते. पण कडक करताना ग्रीनचे उतार पाह्य, पिनच्या आसपास दोन-तीन टक्क्यांच्या वर उतार नको, नाहीतर वेगवान ग्रीनवर चेंडू थांबतच नाई आणि लोक रागानं एक स्टार देऊन निघून जातात.

रूटिंग, म्हणजे होल कुठून कुठं जातात तो आराखडा, बघितलंय का वरून? मला खात्री आहे की तू होल एकाला एक समांतर टाकलेत, येरझारा घातल्यासारखे. चारही पार ३ वेगवेगळ्या दिशेला तोंड करून हवेत आणि लांबीतही फरक हवा, एक १४० चा, एक २२० चा, म्हणजे वारा कुठूनही आला तरी प्रत्येक वेळी वेगळं पडते. एखादा रेदान टाक, म्हणजे स्कॉटलंडच्या नॉर्थ बेरिकच्या १५व्या होलसारखा, जगभर कॉपी झालाय तो. ग्रीन पुढं उजवीकडून मागं डावीकडं उतरते, डाव्या पोटाशी खोल बंकर, म्हणजे पिनवर सरळ मारायचंच नाई, उजव्या खांद्यावर टाकून घरंगळू द्यायचं. तुझी ती टेकडी याच्यासाठीच आहे.

गेममधलं झाडांचं मीटर (किती झाडं लावता येतात ती मर्यादा) जंगल भरण्यात उडवू नको. शॉटच्या रेषेत जी झाडं येतात तेवढी नीट लाव, लांबची विरळ ठेवली तरी चालते.

तर्रीपोहे_गेमर

हाव ना, समांतरच आहेत 😅 दादा तुम्हाला पुण्यात बसून कसं दिसलं.

ताई, पाळीचं वाचलं आणि रात्री दीडपर्यंत तेच करत बसलो. ७वा होल पूर्ण पाडला. आता टी पाळीच्या एका टोकाला, फेअरवे पाळीवरूनच, डावीकडं पाणी, उजवीकडं खाली बांध्या. पण आता पाळ अरुंद आहे, दोन्हीकडं पेनल्टी दिली तर परत तेच मधे मार नाहीतर मर होते. आणि रुंद केली तर पाळ वाटतच नाई. काय करू?

बोगीबहाद्दर

पाळ अरुंदच ठेव आणि बांध्यांमधे ओबी (चेंडू हद्दीबाहेर गेल्याची पेनल्टी) देऊ नको. धान कापून झाल्यावर असते तसं कमी गवत ठेव तिथं, चेंडू सापडतो, खेळता येते, फक्त खालून ग्रीन दिसत नाई आणि चढावर मारायचं म्हणून एक क्लब जास्त लागते. ज्याला घाबरायचं त्यानं खाली जावं, ज्याला ग्रीन दिसायला हवं त्यानं पाण्याच्या कडेनं पाळीवरून जावं. आणि सांडवा ग्रीनच्या थोडा आधी घे, पाळीवरून आलेल्याला तो पार करावा लागेल, खालून आलेल्याला नाई.

धानपट्टीची_ताई

सांडवा पाळीच्या मधे नाही हं घ्यायचा, टोकाला घ्या, जिथं पाळ उंचवट्याला भिडते तिथं. मधे घेतला तर पहिल्या पावसाळ्यात तुमचा ७वा होल वाहून जाईल.

तर्रीपोहे_गेमर

टोकालाच घेतो, ग्रीन पलीकडच्या उंचवट्यावर सरकवतो मग. शनिवारी रात्री नऊला प्रायव्हेट राउंड लावतो, कोण कोण येते सांगा. ताई, मुलाला पाठवा.