डॅनियल जॉन्स्टन : हा माणूस ऐकायचा तरी कसा?

मिरजकर

माझा पुतण्या सध्या अमेरिकन इंडी रॉकच्या, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेरच्या रॉक संगीताच्या, नादी लागलाय. परवा त्याने डॅनियल जॉन्स्टन नावाच्या गायकाची 'हाय, हाऊ आर यू' ही १९८३ ची कॅसेट बळंबळं ऐकायला लावली. आवाज लहान मुलासारखा चिरका, सूर जागेवर नाही, मागे टेपची खरखर, आणि एखादं गाणं तर मध्येच बंद पडल्यासारखं संपतं. तंबोऱ्यांच्या गावात जन्म गेला, कान लाडावलेले आहेत, मान्य. पण जरा शोधाशोध केली तर निर्वाणा बँडचा कर्ट कोबेन काय, गायक टॉम वेट्स काय, मोठी मोठी मंडळी याच्या प्रेमात. माणूस मनोरुग्ण होता म्हणून हे सगळं कौतुक चाललंय का? टोमणा नाही, खरंच विचारतोय.

ऑस्टिनवासी

मी इथे टेक्सासमधल्या ऑस्टिनला शिकायला आले आणि इथलीच होऊन गेले. युनिव्हर्सिटीला लागून असलेल्या ग्वाडलूप रस्त्यावर एका भिंतीवर त्याने १९९३ मध्ये रंगवलेला बेडूक आहे. डोळे दोन लांब दांड्यांच्या टोकाला, आणि डोक्यावर तेच वाक्य, 'हाय, हाऊ आर यू'. तिथे आधी रेकॉर्डचं दुकान होतं. ते बंद पडलं आणि २००४ मध्ये खाण्याचं दुकान यायचं ठरलं, तेव्हा भिंत पाडायचा बेत होता. लोकांनी इतका गलका केला की मालकाने पदरचे पैसे घालून आराखडा बदलला. मी बरेच दिवस त्याला कुठल्यातरी आइस्क्रीमची जाहिरात समजत होते.

त्याचा जन्म १९६१ चा, सॅक्रॅमेंटोचा. वाढला वेस्ट व्हर्जिनियात, कट्टर धार्मिक घरात. आईवडिलांच्या तळघरात साध्या टेपरेकॉर्डरसमोर बसून गाणी करायचा. पुढे टेक्सासला भावाकडे आला, मग बहिणीकडे, आणि मध्येच एका फिरत्या जत्रेबरोबर निघून गेला. ती जत्रा ऑस्टिनला आली तेव्हा तो इथेच उतरला. मॅकडॉनल्ड्समध्ये टेबलं पुसायचा आणि भेटेल त्याच्या हातात आपली कॅसेट ठेवायचा, फुकट. झाकणावरचं चित्रही स्वतः काढलेलं.

आता तुमच्या 'सूर जागेवर नाही'कडे येते. सुरुवातीला त्याच्याकडे कॅसेटवरून कॅसेट करायचं यंत्रच नव्हतं. कुणाला प्रत हवी असली की पठ्ठ्या टेपरेकॉर्डर चालू करून अख्खा अल्बम पहिल्यापासून पुन्हा गायचा, वाजवायचा. हे कळल्यावर ती खरखर मला वेगळी ऐकू यायला लागली. स्टुडिओत घासूनपुसून केलेली ती वस्तूच नाही. समोरच्या एका माणसासाठी गायलेली आहे.

आणि गाणी बांधलेली आहेत हो, नीट बांधलेली! 'वॉकिंग द काऊ' घ्या. सुचलं कुठून, तर इथल्या ब्लू बेल आइस्क्रीमच्या वेष्टनावर गायीला घेऊन चाललेल्या मुलीचं चित्र असतं, त्यावरून. विषय म्हणाल तर पोरकट, पण चाल एकदा डोक्यात बसली की निघत नाही. बीटल्स त्याचं दैवत होतं, ते चालींत दिसतं.

पायपेटी

पेटीवाला म्हणून मध्येच तोंड घालतो. त्या कॅसेटवर जे कुईकुई वाजतंय ते खेळण्यातलं कॉर्ड ऑर्गन आहे. आत पेटीसारखेच सूर, म्हणजे हवेने थरथरणाऱ्या पातळ पट्ट्या, फक्त भात्याऐवजी विजेचा पंखा. उजव्या हाताला पट्ट्या, डाव्या हाताला बटणं. बटण दाबलं की तयार कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे दोन-तीन स्वर. मींड नाही, दाबानुसार लहानमोठा आवाज नाही, वारा पुरला तर पुरला. एवढ्या तुटपुंज्या वाद्यावर त्याने चाल उभी केली हे मला भारी वाटतं. मिरजकर, १९४० साली आकाशवाणीने आपल्या पेटीवरच बंदी घातली होती, तीही सुराच्याच नावाखाली. तेव्हा जरा दमानं घ्या. :)

मुक्काम ठाणे

त्याच्यावरचा २००५ चा माहितीपट पाहिलाय. अस्वस्थ झालो. बाप छोटं विमान चालवतोय, मुलगा शेजारी बसलाय, आपण कॅस्पर नावाचं भूत आहोत अशी त्याची खात्री पटते आणि तो किल्ली काढून बाहेर फेकतो. ही १९९० ची गोष्ट. बाप महायुद्धातला वैमानिक, म्हणून झाडांत विमान आदळूनही दोघे वाचले. आणि हा किस्सा लोक चवीने सांगतात! मला मिरजकरांचा संशय रास्त वाटतो. वेड आणि प्रतिभा जुळी भावंडं, हा इंडीवाल्यांचा आवडता धंदा आहे.

ऑस्टिनवासी

ठाणेकर, धंदा आहे हे शंभर टक्के मान्य. पण तारखा बघा. 'साँग्ज ऑफ पेन', 'यिप/जंप म्युझिक', 'हाय, हाऊ आर यू', ज्यांच्यावर त्याचं नाव उभं आहे त्या कॅसेट १९८३ पर्यंत झालेल्या होत्या. लक्षणं आधीपासून होती, पण आजार खरा बळावला तो १९८६ च्या सुमारास. पुढची बरीच वर्षं इस्पितळं, औषधं, वाढतं वजन, थरथरणारे हात. १९९२ मध्ये कोबेन त्या बेडकाचा टी-शर्ट घालून एमटीव्हीच्या सोहळ्यात आला, मोठ्या कंपन्या दारात आल्या, तेव्हा हा मनोरुग्णालयात. इलेक्ट्रा या रेकॉर्ड कंपनीचा करार त्याने नाकारला, कारण मेटॅलिका हा हेवी मेटल बँड त्याच कंपनीकडे होता आणि ते सैतानाची माणसं आहेत असं त्याच्या मनाने घेतलं होतं. मग १९९४ मध्ये अटलांटिक कंपनीकडून 'फन' हा अल्बम आला, आपटला, आणि १९९६ मध्ये कंपनीने नारळ दिला. आजाराने त्याला गाणी दिली म्हणणाऱ्यांनी हा हिशोब मांडावा. माझ्या मते आजाराने त्याची गाणी खाल्ली.

मी त्याला प्रत्यक्ष ऐकलं ते उतारवयात. समोर स्टँडवर शब्दांची वही, हात इतके कापत होते की पान उलटायला वेळ लागायचा. गाणं सुरू झालं की मात्र शब्द चुकत नव्हता. लोक हसत नव्हते, ठाणेकर. ओळी पाठ होत्या त्यांना.

सप्टेंबर २०१९ मध्ये तो टेक्सासमधल्या वॉलर गावी वारला, ५८ व्या वर्षी. मानसिक आरोग्यासाठी त्याच्या कॅसेटच्या नावाने इथे एक संस्था आहे, २२ जानेवारीला, त्याच्या वाढदिवशी, दिवस पाळतात. चांगलंच आहे, पण गाणी ऐकणारे त्या मानाने कमीच.

मिरजकर

पेटीचा टोला बसला. :) मग सुरुवात कुठून करू? दुसऱ्यांनी गायलेलं ऐकलं तर चालतं का?

ऑस्टिनवासी

चालतं कसलं, तुम्ही तसंच करा. यो ला टेंगो या बँडचं 'स्पीडिंग मोटरसायकल' ऐका, मग बेक या गायकाने गायलेलं 'ट्रू लव्ह विल फाइंड यू इन द एंड'. चाल कानात बसली की मूळ लावा. 'किंग काँग' मात्र थेट त्याच्याच आवाजात. वाद्य नाही, नुसता गळा, आणि अख्ख्या सिनेमाची गोष्ट. टॉम वेट्सने गायला तेच निवडलं ते उगाच नाही. आणि पुतण्याने 'फन' पाठवला तर तूर्त बाजूला ठेवा.