बिल्डअप भरगच्च, पण ड्रॉप आला की जोरच वाटत नाही

रात्रपाळी_बीट्स:
मंडळी, एफएल स्टुडिओवर (संगीत बनवायचं सॉफ्टवेअर) प्रोग्रेसिव्ह हाउस, म्हणजे नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा ट्रॅक करतोय, १२८ बीपीएम (मिनिटाला १२८ बीट). ब्रेकडाउननंतर (मधला शांत भाग) १६ बारचा (चार बीटचा एक बार) बिल्डअप, म्हणजे ताण चढवत नेणारा भाग आहे, त्यात स्नेअर ड्रमचा रोल आधी बीटला एक, मग दोन, मग चार, शेवटी आठ असा वाढत जातो, सोबत व्हाइट नॉइजचा रायझर (वर चढत जाणारा आवाज), व्होकल चॉप (गायकाच्या आवाजाचे तुकडे), रिव्हर्ब (घुमारा), सगळं टाकलंय. बिल्डअप ऐकताना मस्त वाटतो पण ड्रॉप (किक-बेस जोरात परत येतात तो भाग) पडला की उलट आवाज बारीक झाल्यासारखा वाटतो. अजून कुठला लेयर टाकू?

सबवूफर_सांगली:
भावा लेयर टाकू नकोस, काढ. बिल्डअपच्या शेवटी रोल, नॉइज, रिव्हर्ब सगळं एकदम मास्टरच्या लिमिटरवर (आवाज ठरावीक पातळीवर अडवतो तो) आदळतंय, म्हणजे लेव्हल आधीच छताला टेकली, मग ड्रॉपला वर जायला जागा कुठून राहणार? आधी बिल्डअपचे सगळे ट्रॅक एका बसमध्ये (एकत्र चॅनेल) घे आणि त्या बसचा आवाज १६ बारमध्ये हळूहळू २-३ डीबी खाली आण. कोणाला कळत पण नाही, कारण स्नेअर दाट होत असतो आणि नॉइजचा फिल्टर उघडत असतो, त्यामुळे कानाला चढतंय असंच वाटतं. मग त्याच बसवर हाय-पास फिल्टर (खालचे सूर कापणारा) लाव, ३० हर्ट्झपासून सरकवत शेवटच्या बारपर्यंत २००-२५० ला ने. किक (मुख्य ड्रमचा ठोका) आणि सब (सगळ्यात खालचा बेस) ऐकणाऱ्याकडून काढून घ्यायचे, म्हणजे परत आले की छातीत बसतात. स्टिरिओ विड्थ पण तशीच, शेवटचे २ बार मोनोकडे आण आणि ड्रॉपला पूर्ण उघड.

आणि स्नेअरच्या रिव्हर्बची शेपटी ड्रॉपच्या आधी कापतोस का? ती राहिली तर पहिल्या किकचा अटॅक (सुरुवातीचा ठोसा) खाऊन टाकते.

तालवेडा:
वरचं सगळं पटलं, मी फक्त रोलबद्दल बोलतो. १, २, ४, ८ वाला रोल लोकांना इतका पाठ झालाय की ड्रॉप कधी येणार ते आधीच कळतं. तबला शिकलोय म्हणून सांगतो, शेवटच्या बारमध्ये रोल काढून तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर यायचं) टाकून बघ, फार सुंदर बसते. बारमध्ये सोळा स्टेप असतात ना, पाच ठोके, एक रिकामी, पाच ठोके, एक रिकामी, परत पाच. होतात १७, म्हणजे शेवटचा ठोका ड्रॉपच्या पहिल्या किकवर, बरोब्बर समेवर. पाचाचा गट चाराच्या बीटला आडवा जातो त्यामुळे आतून ओढ लागते, आणि ज्याला तबल्यातलं ओ की ठो कळत नाही तो पण समेला मान टाकतोच.

रात्रपाळी_बीट्स:
बस खाली आणून बघितला, खरंच फरक पडला! तिहाई आज बसवतो. दोन शंका, ड्रॉपच्या आधी शांतता किती ठेवायची? आणि रायझर आठव्या बारलाच वर पोचतो, पुढे नुसता किंचाळतो.

सबवूफर_सांगली:
अर्धा ते एक बीट पुरे, १२८ ला एक बीट म्हणजे साधारण ०.४७ सेकंद. पण तिहाई ठेवणार असशील तर वेगळी शांतता नकोच, त्या रिकाम्या स्टेपवर बाकी सगळं म्यूट कर.

रायझरसाठी शेपर्ड टोन वापर, रॉजर शेपर्ड यांनी १९६४ मध्ये मांडला होता. एकेका ऑक्टेव्हच्या अंतरावरचे सूर एकत्र वर सरकवायचे, सगळ्यात वरचा विरत न्यायचा आणि खालून नवा हळूच आणायचा. कितीही वेळ चढतच राहतो, टोक येतच नाही.

तालवेडा:
आणि ट्रॅकची लिंक इथे टाकशील तेव्हा ब्रेकडाउनपासून टाक, नुसता ड्रॉप ऐकून कोणालाच काही सांगता येणार नाही.