मदत हवी आहे: एक्सेलमधून डेटाबेसकडे, पण आधी काय शिकू?

राजेहो, जरा मार्गदर्शन करा. मी नागपूरच्या कळमना मार्केटात एका अडत्याकडे हिशेब बघतो. संत्र्याची आवक, भाव, हमाली, तोलाई, सगळं एक्सेलमध्ये. एका शीटमध्ये १०,४८,५७६ च्या वर ओळी बसत नाहीत, पण आमचा कॉम्प्युटर त्याच्या कितीतरी आधीच मान टाकतो. म्हणून पोस्टग्रेस हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर टाकलं, फुकट आहे. डेटा काढायच्या सिलेक्ट, जॉइन, ग्रुप बाय या कमांड जमतात. शेतकऱ्यांची नावं वेगळ्या टेबलात, पट्टीत (विक्रीच्या हिशेबात) फक्त त्यांचा नंबर, हेही केलं.

अडलं ते इथे: तारखेच्या कॉलमवर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) टाकला, तरी एक्सप्लेनमध्ये (क्वेरी कशी चालते ते दाखवणारी कमांड) सिक्वेन्शियल स्कॅनच, म्हणजे सगळं टेबल ओळीओळीने वाचणंच, दिसतो. टेबल लहान म्हणून, की मी व्हेअरमध्ये (क्वेरीच्या अटीत) तारखेवर फंक्शन लावून महिना काढतो म्हणून?

दुसरं, नोकरीच्या हिशेबाने आधी बॅकअप-रिस्टोअर, युजरच्या परवानग्या हे पक्कं करू, की पायथन-पांडाज (डेटा हाताळायचं प्रोग्रॅमिंग) धरून ॲनालिसिसकडे वळू? मिहानमध्ये (इथल्या आयटी कंपन्यांच्या भागात) काम करणाऱ्या दादा-ताईंनी खरं काय ते सांगा. क्लासवाले तर तीन महिन्यांत सगळंच शिकवतो म्हणतात. (फी ऐकूनच घाम फुटला, तोही जानेवारीत.) रविवारी समोर बसून शिकवणारं कोणी बर्डी-धरमपेठेकडे असेल तर कळवा.