मिठाचं पाणी पाजू नका

कुत्र्याने विषारी झाड खाल्लं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढावी, असा सल्ला दिला जातो. कृपया हे करू नका. रक्तातलं सोडियम वाढून झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. दूध-तेल पाजण्यानेही विष उतरत नाही.

आधी तोंडात उरलेले तुकडे काढा आणि लगेच पशुवैद्यांना फोन लावा. झाडाचा फोटो, चावलेलं पान, उलटी झाली असेल तर तिचाही फोटो जवळ ठेवा. किती वाजता आणि अंदाजे किती खाल्लं, कुत्र्याचं वजन किती, हे ते विचारतीलच. उलटी करवायची की नाही हे त्यांनाच ठरवू द्या. साधारण पहिल्या एक-दोन तासांतच तिचा खरा उपयोग असतो. कुत्रा गुंगीत असेल किंवा त्याला झटके येत असतील, तर उलटी फुप्फुसात जाण्याची भीती असते.

डिफेनबेकिया या कुंडीत लावायच्या शोभेच्या झाडाच्या पानात सुईसारखे स्फटिक असतात. तोंडाची आग होते, लाळ गळते. तिथे तोंड पाण्याने पुसून काढणं बरं, उलटीने घसा पुन्हा पोळतो. कण्हेर मात्र थेट हृदयाची लय बिघडवते. आणि सायकसची (ताडासारखं दिसणारं शोभेचं झाड) मला सर्वांत धास्ती वाटते, विशेषतः त्याच्या बियांची. सुरुवातीच्या उलट्या थांबतात, कुत्रा सावरल्यासारखा वाटतो आणि दोन-तीन दिवसांनी यकृत निकामी होऊ लागतं. म्हणून कण्हेर आणि सायकस या दोन्हींत लक्षणं दिसायची वाट बघू नका, कुत्रा खेळत असला तरी लगेच दवाखाना गाठा.