विल्यम ॲडम्सची कबर नेमकी कुठं? जपानमधल्या जागांसाठी सल्ला हवा

कपाशीवाला (यवतमाळ जिल्हा):
नमस्कार मंडळी. कापूस-तुरीचं आटोपलं की मार्चअखेर आम्ही दोघं नागपूर-मुंबईमार्गे टोकियोला जाऊन राहिलो. १६०० साली जपानला लागलेला इंग्रज खलाशी विल्यम ॲडम्स, म्हणजे मिउरा आंजिन, याच्या जागा पाहायच्या आहेत. हाती आठ दिवस आहेत. कबर कोणी योकोसुकाला सांगतं, कोणी हिरादोला. खरी कोणती? रेल्वे पास परवडेल का? आम्ही शाकाहारी आहोत.

पैनगंगा:
भाऊ, योकोसुकाला आहे ते स्मारक. त्सुकायामा पार्कात ॲडम्स आणि त्याच्या जपानी बायकोच्या नावाचे दोन दगडी मनोरे आहेत, त्यांना आंजिनझुका म्हणतात. शोगुन (जपानचा लष्करी सत्ताधीश) इयेयासूने त्याला जहागीर दिली ते हेमी गाव तिथलंच, म्हणून स्मारक तिथं. तो वारला हिरादोला, १६ मे १६२० रोजी. हिरादोच्या साकिगाता पार्कातल्या कबरीत २०१७ च्या खोदकामात हाडं निघाली. २०२० साली आलेल्या डीएनए तपासणीत ती उत्तर युरोपीय वंशाच्या माणसाची असल्याचं दिसलं. काळ आणि वयही जुळतं. नावानिशी शिक्का नाही, पण कबर पाहायची तर हिरादोच.

तिकीटघर:
पासचं गणित आधी करा. आंजिनझुकाला जाणारी गाडी केइक्यू या खासगी कंपनीची, तिच्यावर जेआर (जपान रेल्वे) पास चालत नाही. शिनागावाहून जलद गाडीत बसा, पण ती आंजिनझुका स्टेशनवर थांबत नाही. कानाझावा-हाक्केइला उतरून लोकल पकडा. बरेच जण इथंच चुकतात आणि गाडी त्यांना पुढं घेऊन जाते. स्टेशनहून पार्कापर्यंत सगळा चढ आहे, चपला घालून जाऊ नका. एप्रिलच्या सुरुवातीला चेरी फुललेली असते, तुमची वेळ बरोबर साधते.

हिरादो लांब आहे. हाकाताहून (क्युशू बेटावरच्या फुकुओका शहराचं मुख्य स्टेशन) मिदोरी एक्स्प्रेसने सासेबो, पावणेदोन तासांच्या आसपास; पुढं बसने दीडेक तास. मात्सुउरा रेल्वेने ताबिरा-हिरादोगुचीलाही जाता येतं, पण तीही जेआरची नाही, आणि तिथून खाडीपूल ओलांडायला पुन्हा बस शोधावी लागते. मी बसच सुचवीन. सकाळी जाऊन संध्याकाळी हाकाताला परत हा आटापिटा करू नका, एक मुक्काम ठेवाच. कबरीखालच्या बंदरात डच वखारीचं १६३९ चं गोदाम २०११ मध्ये पुन्हा उभारलंय, तेही बघून होईल. टोकियो-फुकुओका विमानाने गेलात तर पासची गरजच उरत नाही.

कपाशीवाला:
वा! आणि उसुकी? जहाज तिथंच लागलं होतं ना?

पैनगंगा:
हो, ॲडम्सचं डच जहाज लिफ्दे एप्रिल १६०० मध्ये उसुकीच्या किनाऱ्याला लागलं, कुरोशिमा बेटाजवळ. पण हिरादो आणि उसुकी क्युशूच्या दोन टोकांना. आठ दिवसांत दोन्ही धरलं तर निम्मा वेळ गाडीतच जाईल. माझं मत, उसुकी सोडा. त्याऐवजी टोकियोच्या नैर्ऋत्येला किनाऱ्यावरचं इतो करा. आतामीहून जेआर इतो मार्गाने अर्ध्या तासाच्या आत. तिथं ॲडम्सने इयेयासूसाठी युरोपीय धाटणीची जहाजं बांधली, एक ८० टनांचं, दुसरं १२० टनांचं. टोकियोत निहोनबाशीला त्याच्या घराच्या जागेचा दगड आहे. मित्सुकोशिमाए स्टेशनजवळच, पण इमारतींच्या सांदीत; नकाशा उघडा ठेवा, नाहीतर बाजूनं निघून जाल.

वरणभात:
जेवणाचं सांगतो. भाजीचा रस्सा, सोबा, मिसो सूप, सगळ्यांत माशाचा अर्क (दाशी) असतो. नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, ‘दाशी नको’ हेही जपानीत लिहून चिठ्ठी जवळ ठेवा. हिरादो मासळीचं गाव, तिथं अडचण जास्त. भाजके पोहे, जवसाची चटणी सोबत असू द्या. संत्री मात्र नेऊ नका बाप्पा, ताजी फळं विमानतळावर काढून घेतात.

तिकीटघर:
आणि परतीचं तिकीट २९ एप्रिलच्या आतलं काढा. त्यानंतर आठवडाभर गोल्डन वीकची (सलग सुट्ट्यांचा आठवडा) गर्दी, हॉटेलं महागतात.