मदत हवी आहे: ओंडके ओढणाऱ्या जुन्या यार्डर यंत्रांचे फोटो आणि माहिती

नमस्कार मंडळी. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या जंगलतोडीच्या यंत्रांवर मी मराठीत सविस्तर लिहितोय. सुरुवातीचा भाग जुळला आहे. कॅलिफोर्नियातल्या युरेका गावच्या जॉन डॉल्बीअरने 1882 मध्ये 'स्टीम डाँकी' या वाफेवर ओंडके ओढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. एक उभा बॉयलर, छोटं इंजिन आणि दोर गुंडाळणारा रहाट, एवढंच ते यंत्र. दोर परत जंगलात न्यायला मात्र घोडाच लागायचा! पुढे ड्रमवर, म्हणजे मोठ्या रिळावर, पोलादी केबल आली, रिकामी केबल मागे ओढणारा दुसरा ड्रम आला आणि घोड्याचं काम संपलं. मग उंच झाडाचा शेंडा तोडून त्यावर कप्पी बांधायची पद्धत रुळली. ओंडक्याचं पुढचं टोक उचललं जाऊ लागलं, त्यामुळे तो बुंध्यांत अडकेना. मला हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

अडलंय ते पुढे. पोर्टलंडची विलॅमेट, सिएटलची वॉशिंग्टन आयर्न वर्क्स आणि सेड्रो-वुलीची स्कॅजिट, या तीन कंपन्यांची यंत्रं नुसत्या फोटोवरून कशी ओळखायची? ड्रमची मांडणी, गिअर, ब्रेक, नेमकं काय बघायचं? कॅनडातल्या नानाइमोच्या मॅडिल कंपनीचे, उंच झाडाऐवजी वापरायचे पोलादी मनोरे, विशेषतः 009 मॉडेल, कुणी जवळून पाहिले आहेत का?

ओरेगन, वॉशिंग्टन किंवा ब्रिटिश कोलंबियात राहणाऱ्यांना खास विनंती: संग्रहालयात गेलात तर नावाच्या पाटीचा आणि ड्रमच्या बाजूचा फोटो नक्की काढा. युरेकाच्या फोर्ट हम्बोल्टमध्ये जुन्या डाँकी जपून ठेवल्या आहेत. तिथलेही चालतील.